वजनवही : दगडू आणि काजळ्या

४ जानेवारी

वहीच्या पहिल्या पानावर प्रकल्पाचं नाव लिहिलं : 'दगडू, २०.४ वरून १६' (आकडे किलोंत). दगडू आमचा कुत्रा, वय ७. काल लस टोचायला नेला होता. डॉक्टरबाईंनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. मग मला म्हणाल्या, "मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीची हाडं चाचपा. हडकुळ्या कुत्र्याच्या बरगड्या अशा लागतात. आता बोटं सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवरून हात फिरवा. योग्य वजनाच्या कुत्र्याच्या बरगड्या अशा लागायला हव्यात. आता तळहात चाचपा. हा तुमचा दगडू."

१ ते ९ अशी मोजपट्टी असते. १ म्हणजे हाडांचा सापळा, ४-५ उत्तम, ९ म्हणजे फारच लठ्ठ. दगडूला ८ गुण मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला इतके गुण मिळाले, असं लेक म्हणाली.

घरात काजळ्याही आहे. काळा बोका, वय १२, नसबंदी झालेला. त्याची काही तक्रार नाही. "त्याला का वगळताय, बाबा?" असं लेकीने विचारलं म्हणून शेवटी एक अरुंद रकाना आखला. आजचा आकडा ४.९.

दोघांचंही वजन माणसांच्या काट्यावर केलं. आधी मी एकटा, मग कुत्र्याला उचलून, मग वजाबाकी. पुन्हा तसंच बोक्याला घेऊन.

५ जानेवारी

आज हिशेब. स्वस्थ पडून राहिलेल्या जनावरालाही श्वास, रक्ताभिसरण, पचन यासाठी ऊर्जा लागते. तिचं सूत्र असं : वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. वजन धरायचं ते गाठायचं आहे ते, आजचं नाही. १६ चा घन ४०९६, वर्गमूळ ६४, पुन्हा वर्गमूळ ८. आठ सत्ते छप्पन्न, म्हणजे दिवसाला ५६० कॅलरी. वजन उतरवायच्या कुत्र्यासाठी सुरुवात या आकड्यापासून करतात.

यातला वरचा खाऊ १० टक्क्यांच्या आत, म्हणजे ५६ कॅलरी. बाकी ५०४ खाण्यातून.

नेहमीचंच खाणं कमी करायचा माझा विचार होता. डॉक्टरबाईंनी अडवलं. साध्या खाण्याचं माप इतकं उतरवलं की कॅलरींबरोबर प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षारही उतरतात. वजन उतरवण्यासाठीच्या खाण्यात प्रथिनं आणि तंतू जास्त असतात, म्हणून ते घेतलं. १०० ग्रॅमला ३०० कॅलरी. १६८ ग्रॅम, दोन वेळांत विभागून. एकदम बदललं तर पोट बिघडतं, म्हणून आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जायचं.

११ जानेवारी

दगडू २०.४, काजळ्या ४.७.

दगडूचा आकडा हलला नाही, पण अजून अर्धं जुनंच खाणं चालू आहे. आज निराळाच शोध लागला. आजवर आम्ही खाणं एका कपाने मोजायचो. तोच कप, तीच पिशवी घेऊन तिघांना म्हटलं, रोज भरता तसा भरा. मग काट्यावर ठेवला. मी ९६ ग्रॅम, लेक ८८, आई १२१. आईचं म्हणणं, "शिगोशीग भरला नाही तर तो कप कसला?" कप मोडीत काढला. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आता दगडूच्या डब्याशेजारी.

१८ जानेवारी

दगडू २०.१, काजळ्या ५.०.

पहिले ३०० ग्रॅम गेले. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे आमच्यासाठी २०० ते ४०० ग्रॅम. त्याहून घाई नको. मांजरांच्या बाबतीत तर घाई जीवावर बेतू शकते. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं टाकलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृतच कोलमडतं. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजरापुढे कधीच धरू नये.

काजळ्याचे आकडे काट्यावर नाचताहेत. काट्याची पायरी १०० ग्रॅमची आणि मी हलतो, त्यामुळे असेल.

२५ जानेवारी

दगडू २०.०, काजळ्या ४.८.

काजळ्या आज कपाटावर चढला. बारा वर्षांचा बोका! वर्षभर तो पलंगाच्या वर कुठे गेला नव्हता. आई खूश : "दगडूचं बघून ह्यालाही व्यायामाचं वेड लागलं."

१ फेब्रुवारी

दगडू २०.१, काजळ्या ४.६.

८ फेब्रुवारी

दगडू २०.१, काजळ्या ४.८.

दोन आठवडे दगडू जागच्या जागी. खाणं मोजून, फेरी रोज दोनदा. संशय पहिला : तो काजळ्याच्या वाटीतलं खातो. मांजराचं खाणं कुत्र्यांना फार आवडतं, त्यात प्रथिनं आणि चरबी जास्त. वाटी खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

९ फेब्रुवारी

संशय दुसरा, आणि खरा : आई. रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात आई आणि दगडू, दोघंही अपराधी चेहऱ्याने उभे.

"अगं आई, १० टक्के म्हणजे १० टक्के."

"तुझे टक्के तुझ्या वहीत. त्याच्या तोंडाकडे बघ जरा."

मग तिला लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ४८ पिल्लं घेतली, एकाच वेतातल्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं दिलं त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला, तेही जन्मभर. निष्कर्ष २००२ साली आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३.० वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. सांध्यांची दुखणीही कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाली.

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं जास्त उपाशी राहिली."

यावर मला उत्तर सुचलं नाही. तडजोड अशी ठरली : सकाळी ५६ कॅलरींचा खाऊ मोजून एका बरणीत काढायचा. कोणी कधीही द्यावा, पण बरणी रिकामी झाली की दिवस संपला. कुत्र्याला तुकडा केवढा आहे याचं फारसं पडलेलं नसतं, किती वेळा मिळाला याचं असतं. म्हणून लेकीने प्रत्येकाचे चार-चार तुकडे केले.

१५ फेब्रुवारी

दगडू १९.७, काजळ्या ४.६. बरणी जिंकली.

जाता जाता : दगडूसाठी गोचिडांवरचं मानेवर टाकायचं औषध आणलं. वेष्टनावरचं नाव वाचून परत केलं, त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला मात्र ते विष मोडून काढता येत नाही. मग थरथर, झटके, मृत्यूही. काजळ्या दगडूच्या मानेवर डोकं ठेवून झोपतो, म्हणजे औषध मांजराला थेट लावायचीही गरज नव्हती. पॅरासिटॅमॉलचंही तेच. आपल्याला तापात चालणारी एक गोळी मांजराला मारू शकते. दोघंही घरात असतील तर एकाचं औषध म्हणजे दोघांचं औषध, असं धरून चालायचं.

२२ फेब्रुवारी

दगडू १९.५, काजळ्या ४.५.

१ मार्च

दगडू १९.२. पहिला किलो उतरला, लेकीने वहीत तारा काढला.

काजळ्याचं खाणं संपलं म्हणून नवी पिशवी उघडली. पिशवीवर मी उघडल्याची तारीख लिहितो, ही सवय वहीच्या आधीपासूनची. २ किलोंची पिशवी पूर्वी ४० दिवस पुरायची. ही २६ दिवसांत संपली. रोजचे ५० ग्रॅम होते ते ७७ झाले आणि वाटी तर आता कठड्यावर, दगडूची पोच नाही. म्हणजे बोकाच खातोय.

खातोय दीडपट. मग वजन?

रकाना वरून खाली वाचला : ४.९, ४.७, ५.०, ४.८, ४.६, ४.८, ४.६, ४.५. दर आठवड्याला मी शेजारच्या दोन आकड्यांकडे पाहून 'काटा नाचतोय' म्हणत होतो. आठ आकडे एकाखाली एक धरून पाहिलेच नव्हते. काटा नाचतच होता, पण नाचत नाचत जिना उतरत होता.

२ मार्च

तान्ह्या बाळांचा काटा आणला, १० ग्रॅमची पायरी. काजळ्या ४.४६. लसीकरणाचं कार्ड शोधलं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ५.३५. जवळजवळ १७ टक्के. माझ्या ७२ किलोंतले १२ किलो गेले असते तर घरात हलकल्लोळ झाला असता. बोक्याचे ८९० ग्रॅम केसांखाली झाकून गेले. हात फिरवला तर मणके मण्यांसारखे लागले. रोज मांडीवर घेतो त्याला.

पाणीही मोजलं. ५०० मिली भांड्यात ओतून काजळ्याला दिवसभर एका खोलीत ठेवलं. वाफ किती होते ते कळावं म्हणून तसंच दुसरं भांडं त्याची पोच नाही अशा जागी. २४ तासांत तो २७५ मिली प्यायला. किलोमागे ६२. मांजर किलोमागे ५० च्या वर प्यायला लागलं की कारण शोधायचं. आणि कोरडं खाणं खाणारी मांजरंसुद्धा मुळात कमीच पितात. त्यांचे पूर्वज वाळवंटातले रानमांजर, त्यांची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवण्यात पटाईत.

जेवताना हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तरीच. दोन महिने झाले, रात्री तीन-साडेतीनला ओरडत फिरतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दगडूचं विचारत होता."

लेकीनेही भर घातली : त्याची वाळूची पेटी आता रोज जास्त ओली असते, ढेकळं मोठी असतात. पेटी साफ करते तीच. म्हणजे पिशवीवरची तारीख माझ्याकडे, रात्रीचं ओरडणं आईकडे, वाळू लेकीकडे आणि मूळ वजन कपाटातल्या कार्डावर.

४ मार्च

दवाखान्यात. पिंजरा कालपासून बैठकीत उघडा ठेवला होता, आत त्याचंच अंथरूण, त्यामुळे तो आपणहून आत गेला. आयत्या वेळी पिंजरा काढला की मांजराला सगळं कळतं.

मी आठ आकडे, पिशवीचे दिवस, पाणी, ओरडणं असं एका कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि काजळ्याला हात लावायच्या आधीच म्हणाल्या, "थायरॉइड." मग त्याची हनुवटी किंचित उचलून गळ्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं खाली सरकवली. डावीकडे शेंगदाण्याएवढी गाठ. ठोके मिनिटाला २३६.

गळ्यातली ही ग्रंथी म्हातारपणी मांजरांत बरेचदा वाढते आणि बेसुमार संप्रेरक सोडते. बहुतेक वेळा गाठ कर्करोगाची नसते. पण सगळ्या शरीराची भट्टी पेटते. भूक वाढते, वजन उतरतं, तहान वाढते, हृदय धावत सुटतं. आणि म्हातारा बोका कपाटावर चढतो. आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते लक्षण होतं.

रक्त काढलं. रक्तदाबही पाहिला, पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून, शांत खोलीत, पाच-सहा वेळा. १५०, ठीक. हा दाब फार चढला तर डोळ्यातला पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं.

६ मार्च

अहवाल. टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, ११.२, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४.७. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून गाळतात तो टाकाऊ पदार्थ) १.३, छान. मी "चला, मूत्रपिंडं तरी बरी आहेत" म्हटलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता नका ठरवू." धावणारं हृदय मूत्रपिंडांकडे रक्त जोरात ढकलतं, त्यामुळे ती असतात त्याहून बरी दिसतात. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि काजळ्याचे स्नायूच झडलेत. थायरॉइड ताळ्यावर आला की खरं चित्र दिसेल.

गोळी मेथिमॅझोलची, दिवसातून दोनदा. तोडायची नाही, कुटायची नाही, दिल्यावर हात धुवायचे. सुरुवातीला उलटी, खाणं टाकणं, तोंड खाजवून ओरबाडणं यावर लक्ष.

८ मार्च

दगडू १९.०. काजळ्याला दिलेल्या सहा गोळ्यांपैकी दोन सोफ्याखाली सापडल्या.

१० मार्च

जमलं. मांजराला समोरून गाठायचं नाही. त्याची पाठ आपल्या पोटाशी, डावा हात डोक्यावरून गालांच्या हाडांवर, मान हलकेच वर. जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या पार मागे. लगेच सुई नसलेल्या सिरिंजने थोडं पाणी, गालाच्या बाजूने. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहू शकते. एकूण वेळ सात सेकंद. मग त्याला आवडीचा एक घास, आणि मला अपमानकारक एक कटाक्ष.

२२ मार्च

दगडू १८.६, काजळ्या ४.५२.

आता दोन रकाने वाढवले. एक, झोपेतले श्वास. गाढ झोपेत छाती एकदा वर-खाली म्हणजे एक, ३० सेकंद मोजून दुप्पट. दोघांचाही आकडा मिनिटाला ३० च्या आत हवा. सतत वर राहिला तर हृदयाची किंवा फुप्फुसांची तपासणी लांबवायची नाही. दगडू १६, काजळ्या २४.

दुसरा रकाना 'कोणी काय पाहिलं'. तो कोणीही भरायचा. आज लेकीने लिहिलं : "दगडू जिना न थांबता चढला."

२९ मार्च

दगडू १८.४, काजळ्या ४.५९.

टी-४ ५.१, अजून किंचित वर. गोळी वाढवली. पेशींची मोजणी ठीक; या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ती पाहतात.

१२ एप्रिल

दगडू १८.०, काजळ्या ४.७१.

घरात नवी काळजी. लेक म्हणते काजळ्या आजारी दिसतो, दिवसभर झोपतो, कपाटावर जात नाही. आईचंही तेच. मी वही उघडून दाखवली : वजन वाढतंय, पाणी १९० मिली, पिशवी ३४ दिवस चालेल अशा बेताने. बारा वर्षांचं मांजर असंच असतं, आम्ही ते विसरलो होतो.

तरी लेकीचं मी पूर्ण खोडून काढलं नाही. उड्या न मारण्यामागे सांधेही असतील. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले तेव्हा ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली होती. मांजर लंगडत नाही, फक्त उंच जाणं सोडतं. खिडकीपाशी खोक्याची पायरी ठेवली. वापरतो.

३ मे

दगडू १७.५, काजळ्या ४.९०.

टी-४ २.६. मधोमध. आणि क्रिएटिनिन १.३ वरून १.९. लघवीची घनता १.०२२, मांजराची १.०३५ च्या वर हवी. डॉक्टरबाईंनी मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं, तरी आकडा पाहून मन खट्टू झालं. मूत्रपिंडांचं जुनं दुखणं होतंच, थायरॉइडने ते झाकलं होतं. पायरी दुसरी, चारपैकी. गोळी तशीच चालू. थायरॉइड मोकाट सोडून मूत्रपिंडं वाचत नाहीत. आता ओलं खाणं, पाण्याची भांडी एकाऐवजी तीन, तीही जेवणाच्या वाटीपासून आणि वाळूपासून दूर. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, लघवी, रक्तदाब.

१० मे

दगडू १७.३, काजळ्या ४.९५. दगडूचं माप आता १६० ग्रॅम, आठवड्याचा वेग मंदावतोय म्हणून. बरणी ५६ वरच. ती कमी करायचा विषय आईपुढे काढलेला नाही.

१७ मे

दगडू १७.१, काजळ्या ४.९८. श्वास १६ आणि २२. पाणी मोजता आलं नाही, ओलं खाणं सुरू झाल्यापासून जुन्या आकड्याशी तुलनाही नाही. नव्याने पाया धरावा लागेल.

पहिल्या पानावरचं प्रकल्पाचं नाव लेकीने खोडून फक्त दोन नावं ठेवलीत. 'कोणी काय पाहिलं' या रकान्यात आज पहिल्यांदाच आईचं अक्षर :

"रात्री साडेतीनला जाग आली. काजळ्या झोपलेला. दगडू मागे आला. बरणी रिकामी होती, दिलं नाही."